पांढरी पाचमधला भूकंप

गेल्या नोव्हेंबरात आमच्या वस्तीतल्या छत्तीस माणसांनी डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून किनुए आजींचं तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध केलं, आणि त्यात मी बेस गिटार वाजवली. हे घडलेलं नाही. वस्तीमंडळाच्या दप्तरी त्या दिवशी भूकंपाची कवायत झाली. मंडळाचे अध्यक्ष कागेयामा यांनी मला बजावलं आहे, की या दोन गोष्टी एकाच दिवशी एकाच देवळात झाल्या असं कुणालाही वाटता कामा नये. तेव्हा पुढची हकिकत वाचकांनी न घडलेली समजून वाचावी. मीही ती तशीच लिहितो आहे.

घडलं नाही ते असं. मला बेस घ्यायची होती. यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं.

दुसऱ्या गावात माणसाने गिटार आणली तर शेजारी विचारतात, केवढ्याला पडली. आमचं हामामात्सु पडलं वाद्यांच्या कारखान्यांचं गाव. इथे निवृत्त माणूस म्हणजे निवृत्त वाद्यकामगार. आमचे शेजारी किंमत विचारत नाहीत. ते गिटार आपल्या हातातून काढून घेतात, आडवी धरतात, एक डोळा मिटून तिच्या मानेवरून नजर टाकतात, आणि सुस्कारा सोडतात. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा असा सुस्कारा निदान घराबाहेर पडल्यावर सोडतात.

आमच्या डावीकडे राहतात सागिसाका आजोबा. त्यांनी जन्मभर कारखान्यात गिटारींच्या माना घडवल्या. उजवीकडे अत्सुमीकाकू. त्यांनी त्याच कारखान्यात पिकअपची वेटोळी गुंडाळली. पिकअप म्हणजे तारांखालचा तो डबा. त्यात केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो फेरे असतात, आणि वरच्या तारांची थरथर पकडून तो अ‍ॅम्पकडे धाडतो. मानवाले आणि वेटोळेवाले यांचं आमच्या गावात पूर्वापार पटत नाही. मानवाले म्हणतात, आवाज लाकडात असतो. वेटोळेवाले म्हणतात, लाकूड काय, दरवाजालाही असतं.

"मान सरळ असली की बाकी सगळं मागून येतं," आजोबा म्हणाले.

"सरळ मानेची मुकी बाई करून घ्यायचीय का त्याला?" काकू म्हणाल्या.

हे त्या खर्जात म्हणाल्या. काकू एरवी चिमणीसारख्या बोलतात. पण करवतींनी आणि रंध्याच्या यंत्रांनी आजोबांच्या कानांतले वरचे सगळे सूर खाऊन टाकले आहेत. त्यांना फक्त खालचं ऐकू येतं: ढग, ट्रक, देवळातल्या भन्तेंचा मंत्रपाठ. त्यामुळे काकू त्यांच्याशी सुमो पैलवानासारख्या बोलतात आणि रस्त्याने जाणारे थबकतात. माझा आवाज मुळातच चिरका. मला आजोबांशी बोलायचं म्हणजे आधी खाकरून दोन मजले खाली उतरावं लागतं. तिथून बोललेलं काहीही फार गंभीर वाटतं. "आजोबा, संत्री आणलीत" असं मी म्हणालो तरी त्यांचा चेहरा पडतो.

मला नको असताना आजोबा माझ्याबरोबर बेस निवडायला निघाले. गावातल्या सगळ्या दुकानांतल्या बेस त्यांनी नापास केल्या. बऱ्याचशा त्यांनीच घडवलेल्या होत्या आणि त्यांना त्या ओळखू येत होत्या.

"ही माझीच. सोमवारची आहे. ठेव खाली."

"सोमवारची म्हणजे?"

"रविवारी आम्ही प्यायचो."

गाव संपल्यावर आम्ही गाडीने पूर्वेकडे निघालो. फुजी नदी ओलांडली आणि नुमाझुत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, भाताचे कुकर आणि टेनिसच्या रॅकेटी यांच्यामध्ये, एक तपकिरी बेस सापडली. आजोबांनी एक डोळा मिटला. सुस्कारा आला नाही. "गुरुवार," ते म्हणाले. माझ्या आयुष्यात मला कुणी एवढ्या आदराने काही म्हटलेलं नाही.

शेजारी लहान फ्रिजएवढा जुना अ‍ॅम्प होता. बेस जोडून तो चालू केला, तर मी तारेला हात लावायच्या आधीच त्यातून बारीक घूं असा आवाज यायला लागला.

"तो गुणगुणतो जरा," दुकानदार म्हणाला. "म्हणून तर स्वस्तात काढलाय."

मी बंद करायला वाकलो.

"थांब," आजोबा म्हणाले. त्यांनी अ‍ॅम्पच्या डोक्यावर तळहात ठेवला होता. "म्हणजे तू थांब. त्याला चालू दे."

मग त्यांनी, भाताच्या कुकरांसमोर उभं राहून, आपल्या तुटक्या आवाजात एक गाणं म्हटलं. कारखान्याच्या गायनमंडळाचं गाणं होतं. त्याच मंडळात त्यांची आणि त्यांच्या बायकोची, किनुए आजींची, ओळख झालेली. गाण्याची पट्टी पांढरी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी. अ‍ॅम्पची घूं तीही पांढरी पाच. मागे कुणीतरी सूर धरून बसावं आणि पुढच्याने निश्चिंतपणे गावं, तसं ते झालं. मी आपला अंदाजाने खालचे सूर पकडत होतो.

गाणं संपल्यावर आजोबा बराच वेळ हात काढेनात. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी एका रॅकेटीकडे पाहिलं.

"शेवटची चार वर्षं ती स्वयंपाकघरात हेच गायची," आजोबा म्हणाले. "मला नुसतं तोंड हलताना दिसायचं. आज गाणं कुठे बसतं ते कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नोव्हेंबरात तिचं तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध आहे. तिथे हे वाजवायचं. ही बेस, हा अ‍ॅम्प, आणि हीच घूं."

मी हो म्हणालो. मला अजून बेस वाजवता येत नव्हती, पण अशा वेळी असले तपशील काढणं बरं दिसत नाही.

घरी आणून अ‍ॅम्प लावला. घूं आली, पण ही ती नव्हे. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधल्या फटीत, जिथे कुठल्याच पेटीला किंवा पियानोला पट्टी नाही, तिथे जाऊन ती बसली होती. आजोबांनी तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"हा कोण?"

मी दोन मजले उतरलो. "तोच अ‍ॅम्प आहे, आजोबा."

"तो नव्हे. हा त्याचा भाऊ असेल."

यानंतर उपचारांचा काळ सुरू झाला. आजोबांच्या मते दोष मानेचा होता. आमच्याकडचा कोरडा वारा सुटला की लाकूड वाकतं, हे खरं आहे. पण लाकूड वाकल्याने अ‍ॅम्पचा सूर बदलतो हे मला पटेना. तरी त्यांनी मानेच्या आतली लोखंडी सळई पाव फेरा पिळली, तारा काढल्या, पडदे पुसले, लाकडाला तेल पाजलं, तारा परत चढवल्या. बेस पूर्वी वाजत नव्हती इतकी छान वाजू लागली. घूं जागच्या जागी.

काकूंच्या मते बेसला अंगरखा हवा होता. त्यांनी तिच्या पोटात सगळीकडून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, अ‍ॅम्पमागे जमिनीची तार जोडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कळ दाबली. घूं साफ गेली. आमच्या खोलीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"बघा," काकू खर्जात म्हणाल्या. "वेटोळेवाल्यांनी बरं केलं."

आजोबांनी तळहात ठेवला. वाट पाहिली. हात सरकवून दुसऱ्या जागी ठेवला आणि पुन्हा वाट पाहिली. मग चपला घालून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतः आल्या, जमिनीची तार सोडवली आणि सगळा पत्रा सोलून काढून घेऊन गेल्या. किनुए आजी आणि त्या एकाच बाकावर वेटोळी गुंडाळायच्या, हे तेव्हा मला आईने सांगितलं.

रोगाचं निदान शेवटी आईनेच केलं, भाजी परतता परतता. "तोक्योच्या मावशीचं मायक्रोवेव्ह आठवतंय? तिकडे शहाण्यासारखं वागायचं. इथे आणलं आणि त्याचं डोकं फिरलं. वीज वेगळी ना."

हे आमच्या देशात शाळेतल्या मुलालाही माहीत असतं, आणि म्हणूनच कुणाला वेळेवर आठवत नाही. फुजी नदीच्या पूर्वेला वीज सेकंदाला पन्नास वेळा थरथरते, पश्चिमेला साठ वेळा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पूर्वेच्या लोकांनी जर्मन यंत्र आणलं, पश्चिमेच्यांनी अमेरिकन. तेव्हापासून देश एक, सम्राट एक, भात एक, पण भिंतीतली गुणगुण दोन पट्ट्यांत. पन्नास म्हणजे पांढरी पाच, अगदी चिमूटभर वर. साठ म्हणजे ती फट. रोज लाखो लोक आगगाडीत बसून ही सीमा ओलांडतात आणि झोपलेले असतात.

तोडगे सुचवायला सगळे पुढे आले. काकू म्हणाल्या, बेसच्या खुंट्या पिळून गाणं फटीत न्यावं. नेलं. आजोबांनी ऐकलं आणि मान हलवली. "फार वर गेलं. तिचा गळा एवढा जायचा नाही." मी म्हणालो, फोनवर पांढरी पाचचा सूर लावून ठेवू. लावला, मग त्या खोलीत दोन सूर एकमेकांचे केस ओढत बसले. आई म्हणाली, श्राद्धच नुमाझुला करा. भन्ते यायला तयार होते, त्यांची तिकडे एक बहीण असते.

"किनुए इथे आहे," आजोबा म्हणाले. "तिला तिकडे कशाला न्यायची? तिला गाडी लागते."

मग तेच म्हणाले, राहू दे, नुसता मंत्रपाठ करू. ते इतक्या सहज म्हणाले, की मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आईने विचारलं तेव्हा मी मीठ जास्त झाल्याचं सांगितलं आणि दोन दिवस तिच्या मनातून उतरलो.

मग मला जनरेटर आठवला.

इथे थोडं भूकंपाविषयी सांगितलं पाहिजे. आमच्या प्रांतात फार मोठा भूकंप येणार हे माझ्या जन्माच्या आधीपासून ठरलेलं आहे. तो अजून आलेला नाही, एवढंच. दूरच्या पण तापट पाहुण्याची करावी तशी आम्ही त्याची तयारी ठेवतो. वस्तीच्या कोपऱ्यावर मंडळाची पत्र्याची कोठी आहे. तिच्यात हेल्मेटं, स्ट्रेचर, गरम पाणी ओतलं की भात होणारी पाकिटं, आणि एक वयोवृद्ध जनरेटर. देशात कुठेही चालावा म्हणून त्याच्यावर एक कळ असते: एकीकडे पन्नास, एकीकडे साठ.

कोठीची किल्ली कागेयामांकडे. ते आयुष्यभर पोस्टात होते आणि समोरच्याच्या बोलण्यावर तिकीट लावलंय की नाही हे बघितल्याशिवाय उत्तर देत नाहीत.

"जनरेटर आपत्तीसाठी आहे," ते म्हणाले.

"ही आपत्तीच आहे."

"कुणाची?"

"सागिसाका आजोबांची. थोडी माझी."

"वैयक्तिक आपत्तीची तरतूद नाही." त्यांनी चहा घेतला. "कवायतीसाठी मात्र निघतो."

"कवायतीत काय काय लागतं?"

"तीसेक माणसं. ठरलेल्या जागी एकत्र यायचं, रांगेत बसायचं, जाणत्या माणसाने चार शब्द सांगायचे, शेवटी भात वाटायचा."

"श्राद्धात तरी दुसरं काय असतं?"

कागेयामांनी कप खाली ठेवला. किनुए आजी दर नवीन वर्षाला त्यांच्याकडे लोणच्याची बरणी पाठवायच्या. "देऊळ हे ठरलेलं आश्रयस्थान आहेच," ते शेवटी म्हणाले. "पण हेल्मेटं सक्तीची. आणि एक जखमी लागेल. जखमी नसेल तर ती कवायत नव्हे, सहल."

जखमी म्हणून आजोबांचं नाव घालण्यात आलं, कारण बाकी सगळ्यांना काम होतं.

त्या दिवशी सागिसाका आजोबा आपल्या बायकोच्या श्राद्धाला स्ट्रेचरवरून आले. काळा कोट, काळा टाय, पिवळं हेल्मेट, गुडघ्याला बँडेज. उचलणाऱ्या चौघांनाही काळे कपडे आणि हेल्मेटं. रस्त्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी बाईंनी थांबून हात जोडले आणि मग, नेमकं कशाला जोडले ते न कळून, हळूच सोडले. देवळात कागेयामांनी लोकांना गटवार बसवलं: पहिल्या गटाने उदबत्ती वाहून डावीकडून बाहेर पडायचं, दुसऱ्याने डोकं सांभाळत उजवीकडून. भन्तेंनी गुळगुळीत डोक्यावर हेल्मेट घातलं होतं आणि ते मंत्राच्या प्रत्येक नमस्काराला डोळ्यांवर येत होतं. घंटा वाजवण्याआधी त्यांनी कागेयामांना विचारलं, की हिला धोक्याचा इशारा समजून कुणी पळणार तर नाही ना. कागेयामांनी तशी घोषणा केली. कुणी पळालं नाही. मी इतकं शिस्तीचं श्राद्ध पाहिलेलं नाही.

आजोबांचं स्ट्रेचर देवळाच्या लाकडी जमिनीवर ठेवलं होतं. त्यांनी उठून बसायला नकार दिला. "जखमी आहे मी," ते म्हणाले. मग लक्षात आलं, की त्यांनी हेल्मेट काढून कान फळ्यांना लावला आहे.

बाहेर अंगणात जनरेटर सुरू झाला. देवळाची खिडकी थरथरली. मी कळ पन्नासवर आहे ना ते दोनदा बघितलं होतं. अ‍ॅम्प लावला.

घूं. पांढरी पाच, चिमूटभर वर. मी खुंट्या चिमूटभर पिळल्या. जनरेटरचं इंजिनही त्याच घूंच्या खालच्या मजल्यावर धडधडत होतं. म्हणजे अंगण, देऊळ, जमीन सगळं एकाच पट्टीत. फळ्यांवर आजोबांची बोटं पसरली. मी वाजवायला लागलो. काकूंनी गाणं धरलं, चिमणीच्या आवाजात नव्हे, पैलवानाच्या. मग कारखान्यातली आणखी दोन-तीन म्हातारी माणसं हेल्मेटांखालून गायला लागली. मी एकही पडदा चुकलो नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात नव्हता.

कागेयामांच्या वेळापत्रकात भात ठरल्या वेळेला होता. भाताला गरम पाणी लागतं. माझ्या आईने, शेवटचं कडवं सुरू असताना, पाणी तापवायचं मोठं विजेचं भांडं नेऊन जनरेटरला जोडलं.

म्हाताऱ्या जनरेटरने आवंढा गिळला. इंजिन मंदावलं आणि त्याच्याबरोबर घूं खाली घसरू लागली; पांढरी पाच सुटली, काळी तीन आली, तीही टिकेना. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. आता दोनच मार्ग होते: एक तर मी खऱ्या सुरावर उभं राहायचं आणि घूंला एकटीला बुडू द्यायचं, किंवा तिच्यामागे जायचं. मी तारेवरचं बोट दाबून धरलं आणि तिच्यामागून सरकू लागलो. काकूही उतरल्या. म्हातारी माणसंही उतरली. शेवटची ओळ आम्ही सगळ्यांनी, हेल्मेटं घालून, जिना उतरल्यासारखी म्हटली. शेवटच्या अक्षराला जनरेटरने एक उचकी दिली आणि तो बंद पडला. अ‍ॅम्प बंद. देवळात कुणी हलेना.

मला बेस खाली ठेवून कुठल्या तरी गटाबरोबर डोकं सांभाळत बाहेर पडावंसं वाटलं. आई दारात पाकिटं घेऊन उभी होती. तिला काय झालं ते कळलं होतं, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता.

आजोबांचा कान अजून जमिनीला होता. डोळे मिटलेले.

"शेवटच्या ओळीला ती कायम उतरायची," ते म्हणाले. "गायनमंडळात. घरात. अंघोळीच्या वेळी. सूर सांभाळ, सूर सांभाळ, म्हणून मी जन्मभर टोकत आलो तिला." त्यांनी फळीवर तळहात ठेवला. "आज सगळे तिच्याबरोबर उतरलात."

काकूंनी हेल्मेट पुढे ओढून घेतलं. कागेयामांनी भिंतीकडे तोंड करून घड्याळ पाहिलं, जे त्या भिंतीवर नव्हतं. मग कोमट पाण्यातला भात वाटण्यात आला. तो नीट भिजला नव्हता आणि सगळ्यांनी संपवला.

निघताना आजोबा स्ट्रेचरवरून उठले आणि चालत घरी गेले. कागेयामांनी ते "उपचारांना उत्तम प्रतिसाद" असं नोंदवलं. फाटकाशी थांबून आजोबा मला म्हणाले, "सातव्या वर्षाच्या श्राद्धालाही असंच वाजव."

"वाजवतो."

"मी तोवर तिकडे असेन कदाचित. तिकडे वीज किती थरथरते, भन्तेंना विचारून ठेव."

विचारलं. भन्ते म्हणाले, याविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही.

जनरेटर त्या उचकीनंतर सुरू झालेला नाही. मंडळाने नवा आणला आहे. तो आवाज न करणारा, अत्याधुनिक आहे आणि त्याला कितीही भांडी जोडली तरी तो एका केसानेही उतरत नाही. त्याच्यावर विसंबून चालणार नाही. नाइलाजाने मी खालील मजकूर रीतसर पाठवला आहे, पोच अद्याप आलेली नाही.

प्रति, वीजपुरवठ्याचे संबंधित अधिकारी. विषय: कंपनसंख्येत तात्पुरता बदल करणेबाबत. महोदय, कै. किनुए सागिसाका यांच्या सातव्या वर्षाच्या श्राद्धाच्या दिवशी, गाणं चालू असेपर्यंत, फुजी नदीच्या पश्चिमेकडील संपूर्ण वीजपुरवठा साठवरून पन्नासवर आणावा, ही नम्र विनंती. शेवटच्या ओळीला तो त्याहूनही खाली उतरू द्यावा. एकदम नव्हे, सावकाश. तसा तो उतरत असताना आपल्या कार्यालयातील कुणाही कर्मचाऱ्याने, कितीही सद्हेतूने का होईना, त्याला टोकू नये.